क्यूआर कोड छापण्याआधी: कोणत्या कामाला कोणता कोड घ्यावा

क्यूआर कोड फुकटात आणि अर्ध्या मिनिटात तयार होतो. त्यामुळे त्यात प्रकार असतात आणि ते पारखून घ्यावे लागतात, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. माझं काम छपाईच्या डिझाइनचं: लग्नपत्रिका, मेनूकार्ड, मसाल्याची पाकिटं, आंब्याच्या पेट्यांची लेबलं, दुकानांच्या पाट्या. हल्ली यातल्या जवळजवळ प्रत्येक कामात गिऱ्हाईक सांगतं, "कोपऱ्यात एक क्यूआर टाका." कोणता टाकू, असं विचारलं की समोरचा माणूस गोंधळतो. कोड म्हणजे कोड, त्यात कोणता काय?

एका हॉटेलवाल्यांनी मेनूचा कोड कुठल्याशा वेबसाइटवरून स्वतःच बनवून आणला होता. दिसायला सुरेख, मध्ये लोगो, कडा गोलसर. सगळ्या टेबलांवर ॲक्रिलिकचे स्टँड लागले. थोड्याच दिवसांत गिऱ्हाइकं स्कॅन करायला लागली की मेनूऐवजी इंग्रजीत पाटी यायची: मोफत मुदत संपली, कोड चालू ठेवायचा असेल तर पैसे भरा. स्टँड छापून झाले होते आणि कोडची चावी दुसऱ्याच्या हातात होती. असं नुकसान टाळण्यासाठीच हा लेख लिहितो आहे. खालच्या पायऱ्या क्रमाने घ्या. घाई असेल तर पहिल्या तीन तरी सोडू नका.

आधी कोडच्या पोटात काय असतं ते पाहू

क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला, गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. पेटंट असूनही कंपनीने प्रमाणित कोड वापरणाऱ्यांकडून त्याचे पैसे घेतले नाहीत. म्हणून कोड बनवणं आजही फुकट आहे आणि साधा कोड कधीच 'संपत' नाही. कोणी त्यासाठी वर्षाची वर्गणी मागत असेल, तर ती कोडची नसते. कोड ज्या लिंककडे बोट दाखवतो तिची असते.

काळ्या-पांढऱ्या चौकटींमध्ये साठवलेला असतो तो नुसता मजकूर. फोन तो वाचतो आणि सुरुवातीच्या अक्षरांवरून काय करायचं ते ठरवतो. 'एचटीटीपीएस'ने सुरुवात झाली तर ब्राउझर उघडतो, 'यूपीआय'ने झाली तर पैसे पाठवायचं ॲप, 'वायफाय'ने झाली तर नेटवर्कला जोडू का म्हणून विचारतो. पेमेंटचा कोड, मेनूचा कोड, वायफायचा कोड हे दिसायला सारखेच असतात कारण रचना एकच आहे. फरक आतल्या मजकुराचा. आणि छापल्यावर हा मजकूर बदलता येत नाही. पुढचे सगळे निर्णय या एका गोष्टीवरून ठरतात.

पायरी १: छापल्यानंतर काय काय बदलू शकतं याची यादी करा

कागद घ्या आणि कोडमागची माहिती पुढच्या दोन-तीन वर्षांत कुठे बदलू शकते ते लिहा. मेनूचे दर बदलणार. फोन नंबर बहुधा नाही. लग्नाचं कार्यालय ठरलेलं आहे, पण लाइव्ह प्रक्षेपणाची लिंक अजून तयार नाही. मंडळाचा खजिनदार दरवर्षी बदलतो.

काहीच बदलणार नसेल तर स्टॅटिक कोड घ्या. यात मजकूर थेट कोडमध्येच असतो, मध्ये कोणी दलाल नसतो, मुदत नसते. वायफायचा पासवर्ड, दुकानाचा नंबर, आपल्या स्वतःच्या वेबसाइटचा पत्ता, यूपीआय आयडी ही सगळी स्टॅटिकची कामं.

बदल होणार असेल तर डायनॅमिक कोड लागतो. यात कोडमध्ये एक छोटी लिंक असते आणि ती लिंक फोनला पुढच्या खऱ्या पत्त्यावर नेते. खरा पत्ता तुम्ही कधीही बदलू शकता. छापलेला कोड तोच राहतो. किती जणांनी, कधी स्कॅन केलं हेही कळतं. सोय मोठी आहे. पण मधली ती लिंक ज्याच्या मालकीची, त्याच्या मर्जीवर तुमचा छापलेला प्रत्येक कागद अवलंबून असतो.

इथे एक घोळ होतो, तो आत्ताच सोडवू. पेमेंटच्या जगातही 'डायनॅमिक कोड' असतो, पण ती वेगळी वस्तू आहे. तिथे प्रत्येक बिलागणिक नवा कोड पडद्यावर येतो, त्यात रक्कम आणि व्यवहाराचा क्रमांक असतो. तो छापायचा नसतोच. त्याबद्दल तिसऱ्या पायरीत.

पायरी २: लिंकची चावी आपल्याकडे ठेवा

माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. डायनॅमिक कोड घ्यायचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे तयार सेवा. वेबसाइटवर खातं काढा, वर्षाचे पैसे भरा, कोड घ्या. महिन्याभराच्या प्रदर्शनाला किंवा एका मोसमाच्या जाहिरातीला हे ठीक आहे. फक्त दोन गोष्टी पाहा. मोफत मुदत संपल्यावर कोडचं काय होतं, आणि पैसे भरणं थांबवलं तर जुने कोड चालू राहतात की बंद पडतात. याचं स्पष्ट उत्तर साइटवर सापडत नसेल तर तिथे कोड बनवू नका.

मोठ्या कंपनीची लिंक आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. गूगलची 'गू.जीएल' ही लिंक छोटी करायची सेवा २०१९ मध्ये नव्या लिंकसाठी बंद झाली. मग २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की जुन्या लिंकसुद्धा ऑगस्ट २०२५ मध्ये बंद होतील. शेवटच्या टप्प्यात वापरात असलेल्या लिंक ठेवायचं ठरलं, पण ज्या काही काळ कोणी उघडल्या नव्हत्या त्या गेल्या. पुस्तकात किंवा दगडी पाटीवर छापलेली लिंक वर्षभर कोणी उघडली नाही, एवढ्यावरून ती निरुपयोगी ठरत नाही. पण तो निर्णय आपल्या हातात नव्हता.

दुसरा मार्ग बिनपैशाचा आणि छोट्या धंद्याला पुरेसा आहे. मेनूची पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवा, 'लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल' अशी परवानगी द्या आणि त्या लिंकचा स्टॅटिक कोड बनवा. दर बदलले की नवी फाइल वेगळी चढवायची नाही. जुन्या फाइलवरच 'मॅनेज व्हर्जन्स'मधून नवी आवृत्ती टाकायची. लिंक तीच राहते, मजकूर बदलतो. खबरदारी एकच: हे खातं मालकाचं असू द्या. डिझाइन करणाऱ्या मुलाच्या किंवा मॅनेजरच्या वैयक्तिक जीमेलवर असेल, तर तो नोकरी सोडून गेला की मेनूही त्याच्यासोबत गेला.

तिसरा मार्ग थोडा खटपटीचा, पण टिकाऊ. स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घ्या आणि त्यावर छोटे पत्ते तयार करा: तुमचं डोमेन, पुढे तिरकी रेघ, मग 'मेनू' किंवा 'पत्ता' असा एक शब्द रोमन लिपीत. कोड या पत्त्याचा छापा आणि तिथून हवं तिकडे वळवा. वेबसाइट सांभाळणाऱ्याला 'रीडायरेक्ट' करायला सांगताना '३०२' प्रकाराचं, म्हणजे तात्पुरतं, करायला सांगा. '३०१' हे कायमचं समजलं जातं आणि फोनचा ब्राउझर ते लक्षात ठेवतो. मग तुम्ही पत्ता बदललात तरी आधी स्कॅन केलेल्या फोनवर जुनंच पान उघडत राहतं. आणि डोमेनचं नूतनीकरण चुकू देऊ नका. सुटलेलं डोमेन दुसऱ्याने घेतलं तर तुमच्या नावाच्या पाटीवरून लोक भलतीकडेच जाऊन पोचतील.

जे बरीच वर्षं टिकायचं आहे, म्हणजे पाटी, पुस्तक, पॅकिंगचा साचा, शाळेच्या भिंतीवरचा फलक, त्याला तिसरा मार्गच घ्या. यात मी गिऱ्हाइकाशी वाद घालतो, आणि घालत राहीन.

पायरी ३: पैशांचा कोड

भाजीच्या गाडीपासून सराफाच्या पेढीपर्यंत सगळीकडे हा कोड लागलेला असतो, आणि नेमका इथेच हलगर्जीपणा महाग पडतो.

पूर्वी एका कंपनीचा कोड दुसऱ्या कंपनीच्या ॲपने वाचता येत नसे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक दीपक फाटक यांच्या अध्यक्षतेखाली रिझर्व्ह बँकेने समिती नेमली. त्यानंतर ऑक्टोबर २०२० मध्ये बँकेने आदेश काढला: नवे बंदिस्त कोड काढायचे नाहीत, आणि जुने मार्च २०२२ अखेरपर्यंत सर्वांना चालतील अशा कोडमध्ये बदलायचे. असे दोन कोड आपल्याकडे आहेत: यूपीआय क्यूआर आणि भारत क्यूआर. भारत क्यूआरवर कार्डाच्या यंत्रणेतूनही पैसे घेता येतात, मात्र तो बँकेकडून घ्यावा लागतो. दुकान छोटं असेल तर यूपीआयचा कोड पुरतो. दुकानात एका कंपनीचा कोड असला तरी गिऱ्हाईक कुठल्याही यूपीआय ॲपने पैसे देऊ शकतं. त्यामुळे काउंटरवर चार कंपन्यांचे चार कोड लावायची गरज नाही. एकच ठेवा, संध्याकाळी हिशेब एकाच खात्यात मिळेल.

खरी निवड पुढे आहे: वैयक्तिक कोड की व्यापारी कोड? आपल्या पेमेंट ॲपमधला वैयक्तिक कोड छापून लावला तरी पैसे येतात. पण धंद्याचे आणि घरचे पैसे एकत्र होतात. शिवाय यूपीआयला जोडलेल्या रूपे क्रेडिट कार्डावरून पैसे द्यायचे तर ते व्यापारी कोडवरच देता येतात, वैयक्तिक कोडवर नाही. धंदा नियमित असेल तर बँकेतून किंवा पेमेंट कंपनीकडून व्यापारी कोडच घ्या.

मग स्टॅटिक की डायनॅमिक? स्टॅटिक यूपीआय कोडमध्ये तुमचा आयडी आणि नाव असतं; रक्कम गिऱ्हाईक टाकतं. चहाच्या टपरीला हेच बरोबर. डायनॅमिकमध्ये बिलिंग मशिन दर वेळी रक्कम भरलेला कोड पडद्यावर दाखवतं. गिऱ्हाईक रक्कम चुकवत नाही आणि कोणतं बिल कोणी भरलं हे आपोआप जुळतं. पेट्रोल पंप, औषधांचं मोठं दुकान, गर्दीचं किराणा दुकान यांनी डायनॅमिकचाच विचार करावा. दिवसाला दहा-पंधरा बिलं होणाऱ्या दुकानाने त्यासाठी मशिनचं भाडं भरायचं कारण मला दिसत नाही.

गणेशोत्सव मंडळं, भजनी मंडळं आणि सोसायट्यांसाठी वेगळं सांगतो. वर्गणीच्या पावतीवर खजिनदाराचा वैयक्तिक कोड छापू नका. माणूस प्रामाणिक असला तरी पैसे त्याच्या खात्यात दिसतात, त्याचा जाब त्याला द्यावा लागतो, आणि पुढच्या वर्षी तो पदावर नसतो तेव्हा उरलेली पावतीपुस्तकं वाया जातात. मंडळाच्या नावाचं बँक खातं आणि त्याच नावाचा कोड घ्या. स्कॅन केल्यावर मंडळाचं नाव दिसलं की देणाऱ्यालाही भरवसा वाटतो.

आता सुरक्षेचं. दुकानाच्या कोडवर दुसऱ्याने आपला कोड चिकटवणं हा सोपा डाव आहे. मध्य प्रदेशात खजुराहोला जानेवारी २०२५ मध्ये रातोरात अनेक दुकानांचे कोड असे बदलले गेले होते. यावर साधा उपाय असा: कोडच्या खाली मोठ्या मराठी अक्षरांत छापा, "स्कॅन केल्यावर अमुक नाव दिसलं तरच पैसे पाठवा." ॲपमध्ये पिन टाकण्याआधी खातेदाराचं नाव येतंच. गिऱ्हाइकाला नाव माहीत असेल तर चिकटवलेला कोड तिथल्या तिथे पकडला जातो. कोड काउंटरच्या आत, काचेखाली ठेवा. सकाळी दुकान उघडल्यावर एकदा आपल्याच फोनने स्कॅन करून नाव पाहा. पैसे आल्याची खात्री साउंडबॉक्स किंवा बँकेच्या नोंदीवरून करा. गिऱ्हाइकाच्या फोनवरचा हिरवा पडदा हा पुरावा नाही.

आणि घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा: पैसे घेण्यासाठी स्कॅन करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. जुना सोफा विकताना "हा कोड स्कॅन करा, पैसे येतील" असं कोणी म्हणालं, की तो पैसे काढून घ्यायला बसला आहे. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा; पहिले काही तास फार मोलाचे असतात.

पायरी ४: माल अस्सल आहे हे सांगणारा कोड

देवगड-रत्नागिरीकडचे बागायतदार मला विचारतात, "पेटीवर क्यूआर लावला तर नकली हापूस थांबेल का?" हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून हा प्रश्न वाढला आहे. उत्तर कोडच्या प्रकारावर आहे.

सगळ्या पेट्यांवर एकच कोड छापला आणि तो बागेच्या वेबसाइटवर नेत असेल, तर तो जाहिरातीपुरता चांगला. अस्सलपणाचा तो पुरावा नाही. कोडचा फोटो काढून कोणीही तसंच लेबल छापू शकतं, आणि स्कॅन केल्यावर तुमचीच खरी वेबसाइट उघडेल. म्हणजे नकली मालाला तुमचीच साक्ष मिळाली.

त्यासाठी प्रत्येक पेटीला वेगळा क्रमांक असलेला कोड हवा. स्कॅन झाल्यावर पानावर दिसावं: ही पेटी अमुक बागेतली, अमुक तारखेला भरलेली, आणि हा कोड आजवर इतक्या वेळा, प्रथम अमुक दिवशी स्कॅन झाला. एकाच क्रमांकाचं लेबल शंभर पेट्यांवर लागलं तर तो आकडा फुगतो आणि गिऱ्हाइकाला शंका येते. कोडवर खरवडून काढायचा थर दिला तर आणखी चांगलं, कारण मग विकण्याआधी त्याचा फोटो काढता येत नाही. खर्च वाढतो हे खरं. लेबलं डिजिटल छपाईवर घ्यावी लागतात, कारण ऑफसेटच्या प्लेटवर प्रत्येक प्रत सारखीच निघते. म्हणून मी सांगतो: भारी प्रतीच्या, भेट म्हणून जाणाऱ्या पेट्यांना वेगळा कोड घ्या, बाकीच्यांना साधा.

याहून पक्की तजवीज म्हणजे डिजिटल सही असलेला कोड. आधार कार्डावरचा कोड असा असतो. त्यात माहितीसोबत प्राधिकरणाची सही असते आणि एक अक्षर बदललं तरी तपासणाऱ्या ॲपला ते कळतं, तेही इंटरनेटशिवाय. जीएसटीच्या ई-इनव्हॉइसवरचा कोडही सही केलेलाच येतो. असा कोड पोर्टलवरून येतो तसाच छापायचा. त्याचे रंग बदलायचे नाहीत, मध्ये लोगो टाकायचा नाही. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या प्राधिकरणाने, १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड सक्तीचा केला, आणि त्याच तारखेपासून देशात ठरावीक ३०० औषधांच्या ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर बंधनकारक झाला. अशा ठिकाणी निवडीचा प्रश्नच नाही; नियमात दिलेला कोड स्पष्ट वाचता येईल असा छापणं एवढंच आपलं काम.

किरकोळ कामं, थोडक्यात

वायफायचा कोड होमस्टे आणि दवाखान्यांना फार उपयोगी. पाहुण्यांचं नेटवर्क मात्र वेगळं ठेवा, कारण कोडमधला पासवर्ड कुणालाही वाचता येतो. व्हिजिटिंग कार्डावर संपर्काचा कोड द्यायचा तर नाव, एक नंबर, ईमेल एवढंच भरा. पत्ता आणि पदव्या घातल्या की कोड बारीक जाळीसारखा होतो. मंगल कार्यालयाच्या नकाशासाठी गूगल मॅप्सच्या 'शेअर'मधली छोटी लिंक घ्या आणि ती प्रवेशद्वारापाशीच उघडते ना, हे पाहा. कार्यालयाच्या मागच्या भिंतीपाशी नेऊन सोडणारे कोड मी पत्रिकांवर पाहिलेले आहेत.

मायक्रो क्यूआर आणि डेटा मॅट्रिक्स ही नावंही कानावर येतील. मायक्रो क्यूआरला तीनऐवजी एकाच कोपऱ्यात चौकोन असतो आणि त्यात जेमतेम ३५ अंक मावतात. हे कोड कारखान्यातल्या बारीक सुट्या भागांसाठी आहेत. सर्वसामान्य गिऱ्हाइकाचा फोन तुमचा वाचक असेल तर नेहमीचा क्यूआरच घ्या.

पायरी ५: अक्षरं मोजा, मराठीची तर नक्कीच

क्यूआर कोडचे ४० आकार आहेत. सगळ्यात लहान २१ बाय २१ चौकटींचा, सगळ्यात मोठा १७७ बाय १७७ चा. मजकूर वाढला की चौकटी वाढतात, आणि छापायची जागा तेवढीच राहिली तर प्रत्येक चौकट बारीक होते. उदाहरण घ्या. लेबलवर अडीच सेंटिमीटर जागा आहे. २५ अक्षरांची छोटी लिंक २५ बाय २५ च्या कोडमध्ये बसते, म्हणजे एक चौकट एक मिलिमीटरची. तीच लिंक २०० अक्षरांची लांबलचक असेल तर ५७ बाय ५७ चा कोड लागतो आणि चौकट अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान होते. साध्या कॅमेऱ्याचा फोन, हलता हात आणि मंद दिवा असेल तर हाच फरक चालण्या-न चालण्याचा ठरतो.

देवनागरीचा हिशेब वेगळा आहे. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. मात्रा, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं धरली जातात. 'ज्ञानेश्वर' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, पण आत दहा चिन्हं आहेत, म्हणजे तीस बाइट. हाच शब्द वेबपत्त्यात आला आणि पत्ता कॉपी करताना टक्केवारीच्या खुणांत बदलला गेला, तर त्याची नव्वद अक्षरं होतात. मराठी बातम्यांच्या आणि ब्लॉगच्या लिंक इतक्या लांब दिसतात त्या यामुळेच. म्हणून मराठी शीर्षकाच्या पानाचा कोड करताना ती लिंक थेट वापरू नका. रोमन लिपीतला छोटा पत्ता तयार करून त्याचा कोड करा. पान मराठीत असू द्या.

गडकिल्ल्यांवरच्या माहितीफलकांसाठी लोक विचारतात, तिथे रेंज नसते, मग सगळा मराठी मजकूरच कोडमध्ये भरू का? तत्त्वतः मोठ्यात मोठ्या कोडमध्ये २,९५३ बाइट मावतात, म्हणजे देवनागरीची हजाराच्या आतच चिन्हं. पण तो १७७ चौकटींचा कोड ऊन-पावसात राहिलेल्या फलकावरून वाचणं अवघड. रेंज नसेल तिथे मजकूर फलकावरच मोठ्या अक्षरांत लिहा आणि कोड पायथ्याच्या गावात, वाहनतळावर लावा.

पायरी ६: दुरुस्तीची पातळी, आकार, रंग

कोड बनवताना एल, एम, क्यू, एच अशी अक्षरं दिसतात. कोडचा किती भाग खराब झाला तरी तो वाचला जाईल, हे त्यावरून ठरतं: साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के. 'एच' घेतला की टिकाऊपणा वाढतो, पण चौकटीही वाढतात. पडद्यावर दाखवायच्या कोडला 'एल' चालतो, पत्रिका आणि मेनूला 'एम', दुकानाबाहेरच्या पाटीला किंवा तेलकट हात लागणाऱ्या पाकिटाला 'क्यू'. मध्ये लोगो टाकायचाच असेल तर 'एच' घ्या आणि लोगो कोडच्या दहाव्या भागाहून मोठा होऊ देऊ नका. तीन कोपऱ्यांतले चौकोन कधीही झाकायचे नाहीत; त्यांच्यावरूनच फोनला कोड सापडतो.

आकारासाठी ढोबळ नियम: जितक्या अंतरावरून स्कॅन होणार त्याचा दहावा भाग. टेबलावरच्या कार्डाला तीन सेंटिमीटर, काउंटरपलीकडच्या भिंतीवर दीड मीटरवरून स्कॅन होणाऱ्या कोडला पंधरा सेंटिमीटर. चौफेर चार चौकटींइतकी कोरी जागा सोडा. डिझाइन करणारे नेमकी तीच जागा नक्षीला वापरतात.

रंगाबाबत लग्नपत्रिका सगळ्यात अवघड. मरून कागदावर सोनेरी फॉइलचा कोड दिसतो राजेशाही, पण फॉइल चमकतं आणि दिव्याखाली फोनला अर्धा कोड पांढरा दिसतो. शिवाय गडद पार्श्वभूमीवर फिका कोड काही ॲप वाचत नाहीत. आतल्या पानावर क्रीम रंगाचा तुकडा ठेवा आणि त्यावर काळ्या किंवा गडद मरून शाईने कोड छापा. बाहेरच्या फ्लेक्सवर काळाच रंग वापरा. उन्हात लाल-पिवळा आधी उडतो. लॅमिनेशन करायचं तर मॅट. मसाल्याच्या पाकिटावर कोड सीलच्या जवळ आणि घडीवर घेऊ नका, गोल बरणीवर तो इतका रुंद करू नका की कडा वळून मागे जातील.

पायरी ७: छापखान्यात देण्याआधी

फाइल एसव्हीजी किंवा पीडीएफमध्ये द्या. व्हॉट्सॲपवरून आलेला कोडचा फोटो छापायला देऊ नका. त्याच्या कडा विरघळलेल्या असतात आणि मोठा केला की आणखी बिघडतात. खऱ्या आकाराची एक प्रत घरच्या प्रिंटरवर काढा आणि ती जिथे लागणार आहे तिथे नेऊन स्कॅन करा: त्याच उजेडात, त्याच उंचीवर. एक आयफोन, एक नवा अँड्रॉइड आणि घरातला जुन्यात जुना फोन, तिन्हींवर पाहा. वायफाय बंद करून मोबाइल डेटावरही पाहा. लिंक आपल्या खात्यात लॉगिन असल्यामुळे आपल्यालाच उघडते आणि दुसऱ्याला परवानगी मागते, असं ड्राइव्हच्या फाइलबाबत नेहमी होतं. म्हणून एकदा शेजाऱ्याच्या फोनवर उघडून बघाच.

कोडशेजारी एक ओळ मराठीत लिहा: मेनू पाहण्यासाठी, पैसे देण्यासाठी, कार्यालयाचा रस्ता. ज्यांना स्कॅन करता येत नाही त्यांच्यासाठी खाली फोन नंबर किंवा छोटा पत्ता असू द्या. आजीला मेनू वाचायचा असेल तर दुकानात दोन छापील प्रतीही ठेवा.

शेवटी एका वहीत नोंद करा: कोड कुठे कुठे छापला, आत कोणता पत्ता आहे, डोमेन किंवा सेवेचं नूतनीकरण कोणत्या तारखेला आहे, खातं कोणत्या ईमेलवर आहे आणि त्याचा पासवर्ड कोणाकडे आहे. नूतनीकरणाच्या महिनाभर आधीची आठवण मालकाच्या फोनमध्ये लावा आणि तीच तारीख हिशेब बघणाऱ्यालाही देऊन ठेवा.